चार बोटांची ढिलाई

काटेवाल्यांच्या गाडीचं हातातलं चाक वळवलं की गाडी आधी विचार करायची. चाक चार बोटं फिरून झालेलं असायचं आणि खालची चाकं अजून सरळच. मग बुडाखाली कुठंतरी 'कट्' वाजायचं आणि गाडी वळायची, तीही मेहेरबानी केल्यासारखी. त्या रिकाम्या फिरण्याला गॅरेजवाले 'प्ले' म्हणतात. काटेवाले 'जराशी ढिलाई' म्हणायचे. त्यांच्या बायकोनं त्याला काहीच नाव ठेवलं नव्हतं. ती गपगुमान बसनं जायची.

काटेवाले म्हणजे तराजू दुरुस्त करणारा माणूस. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटीपुढं इतके तराजू टांगलेले असायचे की ते कुणाला दिसत नसे. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. माझी रात्रपाळी, त्यामुळं दिवसा झोप झाली की मी खाली येऊन त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. छताला दांड्या, खिळ्यांना साखळ्या, भिंतीशी पितळी पारड्यांची चळत, आणि मधे लाकडी ठोकळ्यावर हा माणूस, डोळ्यावर चष्मा, चष्म्यावर आणखी एक भिंग. वाणी, सोनार, भंगारवाले, पार्सलवाले, सगळ्यांचे काटे त्यांच्याकडं यायचे. आकडे दाखवणारे नवे काटेही ते उघडत, पण नाक मुरडून. म्हणत, "हा आकडा दाखवतो, पण बोलत नाही. दांडीचा तराजू बोलतो."

तराजू बोलतो म्हणजे काय, हे मला त्या पायरीवर बसून कळलं. दांडी मधे एका पोलादी धारेवर टेकलेली असते, सुरीच्या पात्यासारख्या. ती धार झिजली की तराजू एका अंगाला आळशी होतो. मग वाणी काय करतो? तो तराजू बदलत नाही, हात बदलतो. पारड्याला करंगळीनं हळूच एक टिचकी देतो, आणि बरोब्बर तोलतो. वर्षानुवर्षं. त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं आपण टिचकी देतो म्हणून. मग कधीतरी तराजू अगदीच रुसतो, काटेवाले नवी धार बसवून देतात, आणि दुसऱ्याच दिवशी वाणी तणतणत परत येतो.

"काका, चांगला होता तो बिघडवलात!"

मग काटेवाले भिंग कपाळावर चढवून, प्रत्येकाला, अगदी त्याच सुरात सांगत, "माल ठेवा आणि हात मागे घ्या. आठ दिवस. तराजू बरा आहे, तुमचा हात आजारी आहे."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला पाठ झालं होतं. आत ओट्याशी उभ्या असलेल्या काकूंना तर माझ्या आधीपासून पाठ असणार.

आता एवढा काटेकोर माणूस, केसाएवढी चूक त्याला सहन होत नाही, आणि गाडी मात्र चार बोटं खोटी! मला याचंच मोठं कुतूहल होतं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "अरे, ती ढिलाई मला माहीत आहे ना! माहीत असलेली चूक म्हणजे चूक नव्हे." मी मनात म्हटलं, हेच एखादा वाणी बोलला असता तर यांनी त्याला पायरीवरून खाली ढकलला असता.

गाडी राखेच्या रंगाची, लांब नाकाची, त्यांच्या तरुणपणी घेतलेली. कंपनी कधीच मिटली होती. ही मात्र चालत होती. काटेवाले ती चालवत तेव्हा बघण्यासारखं असायचं. रस्ता सरळ असला तरी त्यांचे दोन्ही हात चाकावर सतत झुलत, थोडं इकडं, थोडं तिकडं. आमच्या गावाकडं एक बैल एका अंगाला ओढायचा, त्याला माझा बाप असाच कासऱ्यानं सारखा चुचकारत न्यायचा. बैल सरळ जायचा, बापाचा हात मात्र कधी स्वस्थ नसायचा. तसंच हे.

काकू गाडीत बसायच्या बंद झाल्या त्याला दोन वर्षं झाली होती. त्यांची धाकटी बहीण डोंगरापलीकडं राहायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं नवराबायको तिच्याकडं जात. एकदा परतताना वळणावर समोरून पाण्याचा टँकर आला. काटेवाल्यांनी चाक फिरवलं, गाडीनं नेहमीप्रमाणं विचार केला, आणि विचार संपेपर्यंत पुढचं चाक गटारात. कुणाला खरचटलंही नाही. काकू उतरल्या, पदर झटकला, पिशवी घेतली आणि बसथांब्याकडं चालायला लागल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "ज्या दिवशी चाक फिरवल्याबरोबर गाडी फिरेल, त्या दिवशी बसेन."

तेव्हापासून पहिल्या रविवारी काकू बसनं पुढं आणि काटेवाले गाडीनं मागं, असे दोघं एकाच घरी वेगवेगळे पोचत. पुढच्या सीटवर काकूंच्या जागी काटेवाल्यांनी वजनांची लाकडी पेटी ठेवली होती. "एका बाजूला गाडी झुकते," म्हणत. गाडी झुकत नव्हती. त्यांना ती सीट रिकामी बघवत नव्हती, एवढंच.

या खेपेला भानगड अशी झाली की काकूंना आपलं शिवणयंत्र बहिणीला द्यायचं होतं. बिडाचं, जड धूड. बसचा कंडक्टर ते चढवू देईना. काकू म्हणाल्या, "यंत्र तुमच्या गाडीतून येऊ दे. मी बसनं येते."

काटेवाल्यांच्या हातातला चिमटा खाली पडला. "म्हणजे यंत्राला चालते, तुला चालत नाही?"

"यंत्र पडलं-झडलं तर दुरुस्त होतं."

एवढं बोलून त्या आत गेल्या. काटेवाले बराच वेळ पायरीवर बसून गाडीकडं बघत राहिले. मग उठले, आणि एका मोडक्या तराजूचा लांब काटा सुतळीनं गाडीच्या चाकाला बांधला, त्याच्यामागं डॅशबोर्डवर पुठ्ठा चिकटवला आणि मला हाक मारली, "वरचे, जरा खाली या."

मला बाहेर पुढच्या टायरपाशी उकिडवं बसवलं. "टायर तसूभर जरी हलला तरी 'हं' म्हणायचं."

ते हातातलं चाक हळूहळू फिरवत गेले. काटा पुठ्ठ्यावर सरकत गेला. मी टायरकडं टक लावून बसलो, जसं काही तो आता पळून जाणार आहे. बऱ्याच वेळानं टायर हलला. मी म्हटलं, "हं." त्यांनी पुठ्ठ्यावर रेघ मारली, मग उलटं फिरवलं, पुन्हा 'हं', पुन्हा रेघ. दोन रेघांमधलं अंतर त्यांनी आपल्या हातानं मोजलं. अंगठा सोडून चारही बोटं मावली. पुठ्ठ्यावर मांडून दाखवल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. इतकी वर्षं जी 'जराशी' होती ती आता काट्यानं सांगितली होती.

मग शोध सुरू झाला की ही ढिलाई राहते कुठं. मला तोवर वाटायचं, हातातलं चाक आणि खालची चाकं सरळ जोडलेली असतात. तसं नसतं. हातातल्या चाकाची दांडी खाली एका लोखंडी डबीत उतरते, तिला स्टिअरिंग बॉक्स म्हणायचं. त्या डबीच्या आत पिळाचा दंडगोल असतो आणि त्याच्यात अडकलेले दाते. चाक फिरवलं की पीळ फिरतो, पीळ दात्यांना ढकलतो, आणि डबीच्या बुडातून बाहेर लोंबणारा एक लोखंडी हात पेंडुलमसारखा डावीउजवीकडं जातो. त्या हाताला पुढं दांडे, दांड्यांना चाकं. काटेवाल्यांनी गाडीखाली लोळून एकेक सांधा मुठीत धरला आणि मला चाक हलवायला लावलं. लोंबता हात हलला की दांडे लगेच हलत. पण तो हातच हलायला तयार नसे. म्हणजे चोर डबीत.

डबीच्या डोक्यावर एक स्क्रू होता, तो आवळला की दाते पिळाला भिडतात. त्यांनी आवळला. ढिलाई गेली! मी म्हटलं, झालं काम. त्यांनी चाक थोडं फिरवून पाहिलं, तर ते अर्ध्यात असं अडकलं, जसं कुत्र्यानं धोतर धरावं.

त्यांनी स्क्रू पुन्हा सैल केला आणि खालीच पडून राहिले. मला वाटलं झोप लागली. मग खालून आवाज आला, "वरचे, माणूस गाडी जास्त वेळ कशी चालवतो?"

"म्हणजे? बसून."

"अरे बाबा, सरळ! वळणं किती, सरळ रस्ता किती! मग दाते कुठले झिजणार? मधले. कडेचे कोरे. मधल्यांच्या मापानं आवळलं की कडेचे अडकतात. धार मधेच झिजलीय." त्यांना याचा इतका आनंद झाला की डोकं वर बंपरला आपटलं. बिघाड कळणं आणि बिघाड जाणं यात त्यांना फारसा फरक वाटत नसावा.

गल्लीच्या टोकाला गॅरेज होतं. गॅरेजवाल्याला सगळे जाड्या म्हणत. तो पान्यासारखा किडकिडीत होता. काटेवाल्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "काका, हिचा बॉक्स कुठं मिळायचा नाही. आता दोन उपाय. एक, गाडी मला विका. दोन, गाडी मला फुकट द्या."

"तिसरा सांग."

"तिसरा तुम्ही करताच आहात. काकूंना बसची सवय लावलीत."

काटेवाल्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं निमूट पुलर काढून दिला. पुलर म्हणजे दोन नख्यांचं अवजार. डबीबाहेर आलेल्या दातेरी दांड्यावर घट्ट बसलेला तो लोंबता हात उपटायला लागतं. "ठोकाठोकी करू नका," जाड्या म्हणाला. "हात वाकला तर दुसरा कुठून आणाल? ताण देऊन ठेवा आणि विसरून जा. त्याचा तो सुटतो."

बॉक्स भंगारात सापडला. भंगारवाल्याचा मोठा काटा काटेवालेच सांभाळत, त्यामुळं तिथं त्यांना मान होता आणि थोडी दहशतही. आत गेल्या गेल्या त्यांनी काट्याकडं मान तिरपी करून पाहिलं.

भंगारवाला कळवळला, "काका, आज गिऱ्हाईक म्हणून आलात की तपासनीस म्हणून?"

"आधी बॉक्स दाखव. मग ठरवू."

त्याच घराण्यातल्या दोन गाड्या तिथं मरून पडल्या होत्या आणि दोघींचे बॉक्स काढून ठेवले होते. एकाला काळा रंग मारून चकचकीत केलेला. दुसरा ग्रीस आणि धुळीच्या थरानं असा माखलेला, की डुकरानं लोळून घ्यावं. मी अर्थात रंगवलेल्याकडं हात केला. काटेवाल्यांनी दोन्ही मांडीवर घेतले, डोळे मिटले, आणि दोन बोटांनी दांडी फिरवत बसले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रंगवलेला मधे आला की बोटांखाली पोकळ लागायचा. माखलेला सगळीकडं सारखाच जड. "जिथून ग्रीस बाहेर आलं," ते म्हणाले, "तिथं आत ग्रीस होतं एवढं तरी नक्की. रंगवलेल्याचं काय झाकलंय देव जाणे."

भंगारवाल्यानं तो माखलेला बॉक्स काट्यावर ठेवला. काटेवाले म्हणाले, "हात मागे घे."

त्यानं चटकन घेतला.

बदलायचं काम अंगणात सुरू झालं. गाडीच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नळ, वर पत्र्याचं छप्पर. पुढचा भाग जॅकनं उचलून खाली लाकडाचे ठोकळे दिले. काटेवाल्यांचा नियम असा, की जे काढायचं त्यावर आधी खडूची खूण. चाकाच्या दांडीचा खालचा सांधा, त्यावर रेघ. बॉक्स चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरणारे तीन बोल्ट, प्रत्येकाची वेगळी वाटी. काकूंच्या सगळ्या वाट्या अंगणात आल्या. काकूंनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "आज जेवायचं कशात, बोल्टात?"

बाकी सगळं सुटलं, तो लोंबता हात सुटेना. पुलरच्या नख्या लावल्या, मधला स्क्रू पिळला, आणखी पिळला, काटेवाल्यांच्या मानेच्या शिरा टरारल्या. हात तिथंच. वंगण सोडलं, वाट पाहिली, पुन्हा पिळलं. आमच्या गावाकडं अडलेली गाय सोडवायला याहून कमी कष्ट पडत. शेवटी जाड्याचं ऐकून तसंच ताणलेलं ठेवलं आणि आम्ही चहाला आत गेलो. कप तोंडाला लावतोय तोच अंगणात ठाण्णकन असा आवाज झाला, की काकूंच्या हातातली गाळणी उडाली.

"गेली गाडी!" काकू म्हणाल्या.

"आला हात!" काटेवाले ओरडले आणि कप तसाच ठेवून पळाले. हात सुटून पुलरसकट फरशीवर पडला होता. त्यांनी तो उचलून उलटसुलट करून पाहिला, जशी सुईण पोराची बोटं मोजते.

जुना बॉक्स निघाला. बोल्टांच्या मागं पातळ पितळी चकत्या होत्या, एकीकडं दोन, एकीकडं एकही नाही. मी त्या कचऱ्यात टाकायला निघालो होतो, त्यांनी मनगट धरलं. "कारखान्यातल्या कुणीतरी बॉक्स सरळ बसावा म्हणून घातल्यात. त्या माणसाला आपण ओळखत नाही, पण त्यानं काम केलंय." नवा बॉक्स धुऊन पुसून, चकत्या जिथल्या तिथं घालून, त्यांनी तो जागेवर चढवला.

आता आली खरी मेख. लोंबता हात परत बसवायचा तर बॉक्स बरोबर मध्यावर हवा आणि खालची चाकं सरळ हवीत. नाहीतर गाडी एका बाजूला जास्त वळेल, दुसऱ्या बाजूला कमी. मध्य काढायचा म्हणजे हातातलं चाक एका टोकाला न्यायचं, मग दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजायचे आणि त्याच्या निम्म्यावर थांबायचं. काटेवाले खाली पडून त्या दातेरी दांड्यावर नजर ठेवणार, तेव्हा वर चाकाशी कुणीतरी हवं. मी खाली दिवा धरून होतो. राहिल्या काकू.

काकू चाकाशी बसायला तयार झाल्या. "गाडी ठोकळ्यावर आहे ना? मग बसते."

"डावीकडं फिरव," खालून आवाज.

काकूंनी फिरवलं.

"अगं डावीकडं!"

"डावीकडंच फिरवतेय."

"माझ्या डावीकडं!"

"तुम्ही आकाशाकडं तोंड करून, पाय माझ्याकडं करून पडलाय. तुमचं डावं मला काय ठाऊक!"

"मी गाडीचं डावं म्हणतोय!"

"आत्ता तर म्हणालात माझं!"

हा कालवा बराच वेळ चालला. बॉक्स एकदा मधे आला आणि दोघांच्या वादात पुढं निघून गेला. काटेवाले खालून म्हणाले, "तुला साधं डावं-उजवं कळत नाही," आणि काकू वरून म्हणाल्या, "कळतं म्हणूनच बसनं जाते." शेवटी काकूंनीच तोड काढली. "हे बघा, डावं नाही, उजवं नाही. भिंतीकडं की नळाकडं, तेवढं बोला."

खालून आवाज आला, "भिंतीकडं."

मग काम सरसर झालं. काकू फेरे मोठ्यानं मोजत होत्या, निम्म्यावर आल्या आल्या थांबल्या. "अजून केसभर नळाकडं," काटेवाले म्हणाले, आणि काकूंनी चाक खरंच केसभर हलवलं. मी खाली दिवा धरून पाहत होतो. वरून केसभर, आणि माझ्या डोळ्यांपुढं तो दात्यांचा दांडा लगेच केसभर हलला. मधे विचार नाही, 'कट्' नाही. काटेवाल्यांनी पडल्या पडल्या माझ्याकडं पाहिलं.

हात बसवला, नट आवळला, बॉक्समध्ये तेल भरलं, ठोकळे काढले. पुठ्ठ्यावर पुन्हा माप घेतलं. दोन रेघांमधे आता करंगळीचं नखही मावेना.

रविवार उजाडला. शिवणयंत्र जाड्यानं आणि मी डिकीत चढवलं. काकूंची पिशवी भरून तयार होती, पण त्या कशानं जाणार हे त्या सांगत नव्हत्या. काटेवाले म्हणाले, "एक चक्कर मारून आणतो, मग बघ." आणि एकटेच गाडी घेऊन बाहेर पडले.

परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक. गाडी फाटकातून आत घेतानाही ती नागासारखी डुलत आली. इंजिन बंद करून ते तसेच बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बॉक्स खोटा निघाला. सरळ रस्त्यावर सरळ जात नाही. या बाजूला त्या बाजूला, या बाजूला त्या बाजूला. केळेवाल्यानं मला बघून हातगाडी आत ओढली, रे." त्यांनी कपाळ पुसलं. "पुठ्ठ्यावर बरोबर, रस्त्यावर खोटा. असं आक्रीत मी कधी पाहिलं नाही. जुनाच परत बसवतो. निदान त्याचं खोटं मला पाठ होतं."

जुना बॉक्स कोपऱ्यात पोत्यावर पडलेला होता. तो परत बसला म्हणजे काकू बसनं. आजही आणि पुढंही. हे तिघांनाही कळत होतं. काटेवाले खरंच उतरून वाट्या गोळा करायला लागले.

काकूंनी पायात चपला घातल्या. "बसला अजून वेळ आहे. मला एकदा बघू दे."

"काय बघणार तू?"

"तुम्ही चालवा तर."

त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. काटेवाले म्हणाले, "पुढं...?"

"पुढं तुमची वजनं बसलीत. चला."

मीही मागं बसलो. गाडी गल्लीतून निघाली आणि लगेच तिचं नाचणं सुरू झालं. मी दाराला घट्ट धरलं. केळेवाल्यानं आम्हाला पाहिलं आणि न सांगताच हातगाडी आत ओढली. काकू रस्त्याकडं बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या पाठीमागून, त्याच्या दोन्ही खांद्यांवरून, हातांकडं बघत होत्या.

"रस्ता कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"कसा म्हणजे? सरळ आहे."

"मग तुम्ही पीठ का चाळताय?"

"मी काही करत नाही. नुसतं चाक धरलंय."

"नुसतं धरलं नाही. भिंतीकडं, नळाकडं, भिंतीकडं, नळाकडं चाललंय तुमचं. मागच्या कित्येक वर्षांपासून चाललंय. पूर्वी गाडीला कळत नव्हतं. आता कळतंय."

काटेवाल्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं. त्यांनी पाहिल्यावरसुद्धा ते झुलतच होते. मला बापाचा तो कासऱ्याचा हात आठवला. बैल विकल्यावर नवा, गरीब बैल आणला होता, आणि पहिल्या दिवशी तो बिचारा सारखी मान फिरवून बापाकडं बघत होता, की नक्की कुठं जायचंय.

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. मग काकूंनी घसा साफ केला आणि अगदी दुकानातल्या त्याच सुरात, एक शब्द इकडचा तिकडं न करता म्हणाल्या:

"माल ठेवा आणि हात मागे घ्या. आठ दिवस. तराजू बरा आहे, तुमचा हात आजारी आहे."

काटेवाल्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडताहेत की काय. हसत होते. हसता हसता हॉर्नवर कोपर पडलं आणि तो वाजला, त्यावर आणखी हसले. "आणि मी त्या वाण्यांना पायरीवरून हाकलत होतो," ते म्हणाले. "प्रत्येकाला हाकललं मी!"

"हसून झालं असेल तर निघा. बस चुकेल."

त्यांनी गाडी सुरू केली. चाकावर आता मूठ नाही, प्रत्येक हाताची दोनच बोटं, तीही नुसती टेकवलेली. हात शिवशिवत होते, ते दिसत होतं. मधेच एकदा झोल गेला आणि काकू म्हणाल्या, "हात." तो थांबला. गाडी रस्त्याच्या मधोमध, ओळंबा धरल्यासारखी सरळ गेली. थांब्याच्या अलीकडचं वळण आलं. काटेवाल्यांनी बोटं वळवली आणि गाडी त्यांच्याबरोबर वळली. इतकी पटकन, की त्यांनाच दचकायला झालं.

थांब्यापाशी त्यांनी सवयीनं गाडी उभी केली. बस आलेली होती, दारात कंडक्टर उभा. काकू पिशवी घेऊन उतरल्या. काटेवाल्यांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, समोर काचेकडं बघत बसले. काकू पदर सावरत गाडीला वळसा घालून गेल्या. मला वाटलं बसकडं. त्यांनी पुढचं दार उघडलं.

"ही पेटी उचला," त्या मला म्हणाल्या. "वजनांना म्हणावं मागे बसा."

मी उतरून पेटी उचलली आणि मागच्या सीटवर ठेवली. कंबर मोडली. काकूंनी सीटवरची धूळ हातानं झटकली, बसल्या, पिशवी पायाशी ठेवली, दार ओढलं. ते एका ओढीत लागलं नाही, दुसऱ्यांदा ओढलं. काटेवाले इतके गंभीर झाले होते की जणू सोनाराचा काटा तपासायला बसलेत.

गाडी निघाली. मी थांब्यावर उभा राहून पाहत होतो. त्यांची चार बोटं चाकावर अगदी निवांत टेकलेली होती. काकूंनी मात्र दारावरचं हँडल दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जणू गटार तिथंच पुढ्यात आहे. काच खाली होती, म्हणून मला ऐकू आलं.

"अगं, हात मागे घे की!"

"आठ दिवस जाऊ द्या," काकू म्हणाल्या.